भिंतीपलीकडचा सामना

सख्ख्या भावाबहिणीनं एका खोलीत बसून पडद्यावरचं काही बघायचं नाही, हे टोंगाच्या बेटांवर कुणाला शिकवावं लागत नाही. बहिणीचा मान मोठा, आणि पडद्यावर कधी काय उघडंनागडं येईल याचा भरवसा नाही. सेमिसी आणि त्याची थोरली बहीण कालोलाइने यांनी साठी उलटली तरी ही रीत मोडली नव्हती. लहानपणी गावात सिनेमा यायचा, तेव्हा एका रात्री तो जायचा आणि दुसऱ्या रात्री ती.

नवरा गेल्यावर कालोलाइने भावाकडं राहायला आली. येताना लेकानं सिडनीहून पाठवलेला भला थोरला टीव्ही घेऊन आली. टीव्ही पुढच्या खोलीत तिच्यासमोर, सेमिसी मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि मध्ये प्लायवूडची भिंत. सेमिसीची बायको ऑकलंडला लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून घरात ही दोघंच होती. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेल्या या मास्तरनं म्हातारपणी एक नवी विद्या कमावली होती. लॅपटॉपवरचं चित्र तो बिनतारेनं टीव्हीवर पाठवायचा. चर्चमधली गाणी, नातेवाइकांची लग्नं, सगळं तो इकडून पाठवायचा आणि अक्का तिकडं बघायची. आपण दोघं एकच गोष्ट बघतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं, पण त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे.

त्या शनिवारी संध्याकाळी मोसेसेचा सामना होता. मोसेसे अक्काचा एकुलता एक लेक. सिडनीतल्या एका क्लबाकडून रग्बी खेळायचा. गेल्या वर्षी मान दुखावून पोरगा तीन महिने गळ्यात पट्टा घालून बसला होता, आणि त्यानंतर आज पहिल्यांदा मैदानात उतरत होता. खेळायला डॉक्टरांनी हो म्हटलं होतं. आईला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही बघू नका, शेवटी निकाल सांगतो, असं सेमिसीनं सुचवून पाहिलं, तर नऊ महिने पोटात मी वागवला की तू, असं तिनं त्यालाच सुनावलं. मग त्यानं मनाशी ठरवलं, काही वाईट दिसलंच तर तिच्याकडचं चित्र तोडायचं. एक बटण दाबलं की काम झालं. बिचारीनं नवऱ्याचं मरण डोळ्यांनी बघितलं होतं, तेवढं पुष्कळ झालं.

पहिला अर्धा सामना सुखरूप गेला. मोसेसे चेंडू घेऊन पळत सुटला की भिंतीपलीकडं अक्का देवाचा धावा करायची आणि अलीकडं सेमिसी मांडीवर थाप मारायचा. थाप मारतानाही एक बोट बटणापाशी असायचं.

दुसऱ्या अर्ध्यात मोसेसे तसाच घुसला. दोघांनी त्याला खालून धरलं, तिसरा वरून आदळला, आणि सगळे एकावर एक कोसळले. मग एकेक जण उठून बाजूला झाला. मोसेसे उठला नाही.

सेमिसीनं बटण दाबलं.

पलीकडून लगेच विचारणा झाली. नेट गेलं, असं त्यानं ओरडून सांगितलं. पण मास्तर एक गोष्ट विसरला होता. चित्र टीव्हीवर असतं तोवर आवाजही तिकडूनच येतो, आणि जोड तुटली की तो लॅपटॉपकडं परततो. मैदानातला सगळा गलका आता मागच्या खोलीत येऊन बसला होता.

"सेमिसी," भिंतीपलीकडून आवाज आला, "नेट गेलं, मग ती माणसं ओरडतायत कुठं? तुझ्या पोटात?"

आजवर तो बहिणीशी कधी खोटं बोलला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं पुन्हा जोडायला घेतलं. लॅपटॉपला आता टीव्ही सापडेना. शोधतोय, शोधतोय, एवढंच दिसत राहिलं.

"अक्का, लॅपटॉपच तिकडं आणून ठेवतो. मी बाहेर जातो."

"नको. तू उठू नकोस." तिचा आवाज आता भिंतीला अगदी लागून येत होता. "त्याच्यावरची नजर काढू नकोस. काय दिसतंय ते सांग."

सेमिसीनं तोंड उघडलं, पण सांगायची सवय कुठं होती? अक्काशी त्याचं बोलणं म्हणजे जेवण झालं का आणि पाणी आलं का. तो म्हणाला, खेळात थोडाफार मार लागतोच.

"शाळा नको घेऊस. दिसतंय ते सांग."

"आडवा आहे," तो म्हणाला. "उताणा. डॉक्टर आलाय. त्यानं पोराचं डोकं दोन्ही हातांत धरलंय. हलू देत नाहीये." त्याचं रडू फुटायच्या बेतात होतं, पण तो थांबला नाही. "डोळे उघडे आहेत. काहीतरी बोलतोय डॉक्टरशी. डावा पाय हलवला, अक्का. आता उजवा."

तेवढ्यात लॅपटॉपचा आवाज बंद पडला. टीव्ही सापडला होता आणि गलका भिंतीपलीकडं गेला होता. सेमिसीही गप्प झाला.

"का थांबलास?"

"चित्र आलंय ना तुमच्याकडं?"

"आलंय. मी डोळे मिटलेत," कालोलाइने म्हणाली. "माझ्यानं बघवत नाही. तू बघ आणि सांग."

सेमिसीनं पडद्यावर नजर रोवली. डॉक्टरनं आधी बोटं दाखवली, मग मानेखाली हात घातला.

"बसला," सेमिसी म्हणाला. मग बराच वेळ सांगण्यासारखं काही घडेना. "आता उभा राहतोय. राहिला. कुणाचा हात धरलेला नाही."

"मान?"

"ताठ आहे."

पलीकडं टीव्हीतले लोक टाळ्या वाजवत होते. त्यातूनही अक्काचा हुंदका त्याला ऐकू आला. मोसेसेला मैदानाबाहेर नेऊन बाकावर बसवलं, अंगावर कोट टाकला, हातात पाण्याची बाटली दिली, हे सगळं सेमिसीनं सांगितलं. मग कॅमेरा खेळाकडं वळला आणि पुन्हा काही बाकाकडं फिरकला नाही.

"आता काय करतोय?" अक्कानं विचारलं.

सेमिसीच्या पडद्यावर नुसती पळापळ होती. तिच्याही पडद्यावर तीच असणार.

"बसलाय," तो म्हणाला. "पाणी पितोय."

"बरं."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, अजून पाणीच पितोय. सामना संपेपर्यंत तिनं आणखी चारदा विचारलं, आणि चारही वेळा त्यानं तेच सांगितलं.