दोन धूर

गळ्यात अडकवायचा माझा चामडी पट्टा आजवर तीन वेळा बदलला. एका बाजूचा काळा रंग हात लागून लागून उडाला आहे आणि आतले पितळ दिसू लागले आहे. काचा मात्र अजून शाबूत आहेत, आणि त्या आहेत तोवर माझे काम सुटणार नाही. मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर रुअरी मॉरिसनची चौदा जणांची सहलीची गाडी आहे. तिच्या पुढच्या काचेजवळच्या खुंटीवर मी टांगलेली असते.

माझा जन्म ग्लासगोच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा लढाई चालू होती. माझे लोलक एका तरुण बाईने बसवले. काम करताना ती श्वास रोखून धरायची. तोंडाची वाफ काचेच्या आतल्या अंगाला बसली तर सगळे उकलून पुन्हा पुसावे लागे. तिथून मी एका लढाऊ जहाजावर गेले आणि टॉर्मोड मॉरिसन नावाच्या खलाशाच्या हाती लागले. टॉर्मोडची नजर तीक्ष्ण होती. आम्ही दोघांनी मिळून थंडगार पहाटे पुष्कळ समुद्र पाहिला. लढाई संपली तेव्हा कप्तानाने मला उचलून त्याच्या हातात ठेवले आणि म्हटले, ही तुझीच.

टॉर्मोड हॅरिसला आपल्या घरी परतला. तिथून हेल्साय बेटावर टपाल पोचवण्याची होडी त्याला मिळाली. मध्ये अडीच मैलांची खाडी. हेल्सायवर अकरा घरे होती, दुकान नव्हते, दूरध्वनी नव्हता, डॉक्टर नव्हता. म्हणून एक खूण ठरलेली होती. हेल्सायच्या टेकाडावर एका आगीचा धूर दिसला तर सवडीने होडी आणायची. दोन आगींचे दोन धूर दिसले तर डॉक्टरला घेऊन ताबडतोब निघायचे. टॉर्मोड रोज सकाळी आणि दुपारी घराच्या भिंतीला पाठ टेकून उभा राही आणि माझ्यातून ते टेकाड न्याहाळी. हेल्सायच्या माणसांचा जीव माझ्या काचांवर होता असे म्हटले, तर ती बढाई होणार नाही. ते लोकही तसेच म्हणत. ईस्टरला तिथली एक म्हातारी टॉर्मोडला अंडी देई आणि माझ्यावरूनही हात फिरवी.

मग एका वसंतात टपालाची थैली धक्क्यावर चढवताना माझा पट्टा तुटला आणि मी पाण्यात पडले. टॉर्मोडने मला लगेच बाहेर काढले, बाहेरून स्वच्छ पुसले. पण खारे पाणी आत गेले होते. हळूहळू माझ्या काचांच्या आतून धुके धरू लागले. त्याची बायको अ‍ॅनाग त्याला म्हणाली, टपाल तर तूच नेतोस, मग हिलाही बांधून ग्लासगोला पाठव. तो म्हणाला, मेंढ्या विऊ देत. मेंढ्या व्यायल्या. तिने पुन्हा सांगितले. तो म्हणाला, जळणाची पीट-माती कापून होऊ दे. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो नुसताच हसला. मी सुधारेन असे त्याला वाटले असावे. दुर्बीण आपोआप सुधारत नाही.

तो मे महिन्याचा शेवट होता. समुद्र ताटासारखा सपाट पडला होता. टॉर्मोड माळावर पीट कापून दुपारी घरी आला आणि रोजच्या जागी उभा राहिला. मित्रांनो, त्या दुपारी माझ्यात दोन धूर शिरले आणि बाहेर एकच पडला. आतल्या ओलीत ते दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. टॉर्मोडने बाही ओढून मला पुसले आणि पुन्हा पाहिले. मग तो अ‍ॅनागला म्हणाला की एकच आहे, कोणाच्या तरी मेंढ्या हलवायच्या असतील, उद्या जाईन.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपाल घेऊन निघाला. हेल्सायच्या धक्क्यावर सगळे गाव उभे होते. कोणी थैलीकडे पाहिले नाही. ते त्याच्या पाठीमागे, होडीत पाहत होते, डॉक्टर कुठे आहे म्हणून. टॉर्मोड खाली उतरलासुद्धा नाही. त्याने होडी तशीच वळवली. डॉक्टर दुपारी चारला पोचला. मॅकिननांचा फिनले, चार वर्षांचा मुलगा, घसा बंद होऊन थोड्याच वेळापूर्वी गेला होता.

मी टॉर्मोडच्या गळ्यात होते. त्याचा श्वास कसा चालला होता ते मला ठाऊक आहे.

पुढे लोकांनी विचारले तेव्हा टॉर्मोड म्हणाला की आदल्या दिवशी आमच्या बाजूला समुद्र खवळलेला होता, होडी काढणे शक्यच नव्हते. हेल्सायच्या लोकांनी त्या दिवशीचा समुद्र डोळ्यांनी पाहिला होता. पण त्यांचे पीठ, त्यांची पत्रे, त्यांच्या गाई सगळे याच माणसाच्या होडीतून येत-जात होते. ते काही बोलले नाहीत. वर्षभरात अकराही घरे बेट सोडून हॅरिसला आली. आली तीही त्याच होडीतून.

मला त्याने त्या आठवड्यातच ग्लासगोला पाठवले. मी लख्ख होऊन परत आले. त्यानंतर मात्र तो मला क्वचितच डोळ्याला लावी. होडीचे काम सुटले तेव्हा त्याने मला घोंगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवले. तिथे मी वर्षानुवर्षे पडून होते. लोकरीचा वास आणि काळोख, एवढेच माझे जग होते. टॉर्मोडचे शेवटचे दिवस आले तेव्हा त्याने रुअरीला, आपल्या मुलाला, पेटी उघडायला लावली. मला हातात घेऊन त्याने त्याला सगळे खरे सांगितले. मग मला मुलाच्या मांडीवर ठेवून तो भिंतीकडे वळला.

रुअरी बरीच वर्षे मासेमारी करत होता. पाठ धरल्यावर त्याने ती गाडी घेतली आणि सहली सुरू केल्या. त्याने मला पेटीतून बाहेर काढले आणि माझे दिवस पालटले. पांढरी वाळू, त्यापलीकडचे हिरवे पाणी, खडकांवर पहुडलेले सील, डोंगरमाथ्यावर घिरट्या घालणारे गरुड, हे सारे प्रवाशांना माझ्यातूनच पाहायचे असे. कुठल्या कुठल्या देशांतले हात मला लागले. एका लहान मुलीने तर माझा पट्टा सोडायलाच नकार दिला होता.

शेवटचा थांबा हेल्सायच्या समोरचा. तिथे रुअरी फिनलेची गोष्ट सांगे. गोष्ट सांगण्यात त्याचा हातखंडा होता. धक्क्यावरून उसळणाऱ्या लाटा, पलीकडे जळणाऱ्या दोन आगी आणि अलीकडे हात चोळत उभे असलेले त्याचे वडील. बायका डोळे पुसत. मी त्याच्या छातीवर लटकून ऐकत असे. त्या गोष्टीतला समुद्र दर वर्षी थोडा थोडा वाढत गेला.

गेल्या जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी बोटीच्या धक्क्यावर प्रवाशांच्या रांगेत केटी अ‍ॅन मॅकिनन उभी होती. वय चौऱ्याऐंशी. डोक्याला रुमाल, हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात सहलीचे तिकीट. सारा जन्म याच बेटांवर गेलेली बाई सहलीला आली म्हणून रुअरीला हसू फुटले. तो म्हणाला की मावशी, नुसता निरोप धाडला असतास तर तुला कुठेही फुकट नेले असते.

"तिकीट काढलंय मी," केटी अ‍ॅन म्हणाली. "आज मी पाहुणी. तू रोज जे सांगतोस तेच सांग."

रुअरीचे हसू मावळले. केटी अ‍ॅन ही फिनलेची बहीण, हे त्याला चांगले ठाऊक होते.

त्या दिवशी तो कमी बोलला. वाळूच्या किनाऱ्यावर त्याने फुलांची नावे सांगितली, विणकराच्या शेडमध्ये सगळ्यांना चहा दिला. केटी अ‍ॅनने घरून आणलेली ओटची बिस्किटे आणि चीज खाल्ले आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की रुअरी गाडी बाजूला घेई, आणि दर वेळी आरशात तिच्याकडे पाही.

हेल्सायसमोर सगळे उतरले. रुअरीने पक्ष्यांविषयी सांगितले, जुन्या शेतांविषयी सांगितले, आणि आता निघू या म्हणाला. पण लीड्सहून आलेले एक निवृत्त शिक्षक होते. त्यांची बहीण आदल्या वर्षी येऊन गेली होती. ते म्हणाले की ती आगीची गोष्ट ऐकल्याशिवाय येऊ नकोस असे तिने बजावले आहे. बाकीचेही थांबले. रुअरीने खाडीकडे तोंड केले आणि गोष्ट सांगितली. नेहमीचीच. तोच खवळलेला समुद्र.

त्याचे संपल्यावर केटी अ‍ॅन पुढे आली आणि गेलिकमध्ये, त्या दोघांच्या भाषेत, बोलली. बाकीच्यांना त्यातला एक शब्दही कळला नाही.

"टॉर्मोडच्या रुअरी, गोष्ट छान सांगतोस. पण त्या दिवशी समुद्रावर एक लाट नव्हती. मी नऊ वर्षांची होते. तिथेच होते."

रुअरी तिच्याकडे वळला.

"तुझ्या वडिलांना नावं ठेवायला मी आले नाही. मला एकच विचारायचंय. त्यांना धूर किती दिसले?"

"एक," रुअरी म्हणाला.

केटी अ‍ॅन एका दगडावर बसली. तिने आपल्या हातांकडे पाहिले.

"मग न दिसलेली ती माझीच आग," ती म्हणाली. "पहिली आग बाबांनी पेटवली आणि ते फिनलेकडे पळाले. दुसरी माझ्यावर सोपवली होती. झुडपं ओली होती. मी फुंकत राहिले, फुंकत राहिले. पंच्याहत्तर वर्षं हेच धरून बसलेय की माझ्या आगीचा धूर पलीकडून दिसेल एवढा वर गेलाच नाही. आई एका शब्दानं बोलली नाही. पण ती जाईपर्यंत मी तिच्या नजरेला नजर दिली नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड हवे होते. दुसरा धूर होता. पहिल्यापेक्षा काळा होता, पण सरळ वर चढत होता. तो माझ्यात आला होता. हे जगात फक्त मला माहीत होते, आणि मी एका माणसाच्या गळ्यात मुकी लटकत होते.

रुअरीला गप्प राहता आले असते. त्याच्या वडिलांची कबर त्याच गावात होती. येणारे जाणारे त्या कबरीपाशी टोपी काढत. त्याने मला गळ्यातून काढले आणि दोन्ही हातांत धरले. 

"मावशी, चूक तुझ्या आगीची नव्हती. ही दुर्बीण पाण्यात पडली होती. आत सगळी ओल भरली होती. आई तीनदा म्हणाली दुरुस्तीला पाठव, बाबांनी पाठवली नाही. यातून दोन धूर दिसूच शकत नव्हते. जाताना त्यांनी मला सगळं सांगितलं."

"कधी?"

"तीस वर्षं झाली."

"तीस वर्षं," केटी अ‍ॅन म्हणाली. "आणि दर रविवारी देवळात मी तुझ्या मागच्या बाकावर बसते."

"हो."

तिने हात पुढे केला. रुअरीने मला तिच्या हातात दिले. तिला सवय नव्हती, चाक फिरवायला वेळ लागला. मग तिला हेल्साय दिसले. छपरे गेलेल्या भिंती, दारातून आत-बाहेर करणाऱ्या मेंढ्या, आणि त्यांच्या वर ते टेकाड. ती किती वेळ पाहत होती, सांगता येत नाही. माझ्या काचा ओल्या झाल्या, बाहेरून. तिने रुमालाच्या टोकाने त्या नीट पुसल्या आणि मला परत केले.

"तुझ्या बापानं एकदा चूक केली," ती म्हणाली. "ती मी माफ करेन. आज नाही, पण करेन. तू मात्र रोज करत होतास. आता या लोकांना सांग. त्यांच्या भाषेत सांग."

रुअरीने सांगितले. तो नीट सांगू शकला नाही. वाक्ये मध्येच तुटत होती, आणि एकदा तर तो पाठ फिरवून उभा राहिला. लीड्सचे शिक्षक केटी अ‍ॅनजवळ जाऊन उभे राहिले आणि परत निघेपर्यंत तिथून हलले नाहीत.  केटी अ‍ॅन येताना आपल्या फाटकाशी उतरली आणि मागे न पाहता आत गेली.

ही गोष्ट गावात पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. टॉर्मोडबरोबर जहाजावर असलेल्या एका खलाशाचा मुलगा रुअरीला रस्त्यात अडवून म्हणाला की मेलेल्या बापाची लाज चव्हाट्यावर मांडून तुला काय मिळाले.  रुअरी आजही त्या थांब्यावर गाडी थांबवतो आणि खरी गोष्ट सांगतो. ती ऐकून काही जण नाराज होतात. सुट्टीच्या दिवशी असले काही ऐकायचे नव्हते, असे एकीने लिहूनही कळवले.

सप्टेंबरात केटी अ‍ॅनने रुअरीला बोलावून घेतले. वाळूच्या किनाऱ्यावर जे कबरस्तान आहे तिथे मला ने, असे तिने सांगितले. तिची आई तिथे पुरलेली आहे. वारा सुटला होता. रुअरीने तिला हात धरून फाटकापर्यंत नेले. तिथे तिने त्याचा हात सोडला आणि गवतातून एकटी पुढे गेली. मी गाडीत खुंटीवर होते. काचेतून मला ती दिसत होती, रुमाल धरून वाकलेली, हळूहळू बोलणारी. ती काय बोलली ते मला ऐकू आले नाही. ते माझ्यासाठी नव्हतेही.

मित्रांनो, ज्या वस्तूवर दुसऱ्या कोणाचा भरवसा आहे, तिच्यात ओल शिरली तर तिला आजच दुरुस्तीला पाठवा. मेंढ्या विण्याची वाट पाहू नका. आणि तरीही राहून गेलेच, तर निदान राहून गेले असे सांगा. तुम्ही गप्प बसता तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर एखादी नऊ वर्षांची मुलगी ओल्या काटक्या फुंकत बसलेली असते.