रेगमालाची दांडी

“आधी हिच्यावर तळहात घास,” पिंजऱ्यातून काढलेली दांडी सुश्रुतपुढे धरत ढुंढिराज मास्तर म्हणाले. “घास ना.”

दांडीला खरखरीत रेगमाल, लाकूड घासायचा काचकागद, गुंडाळलेला होता. सुश्रुतने एकदाच घासून हात मागे घेतला. “दुकानवाला बोलला, नखं आपोआप झिजतात.”

“नखं नाही, तळवे सोलवटतात. पाय बघ त्याचे.”

सुश्रुतच्या पोरीचा, अवनीचा, मूठभर निळा पोपट दांडी सोडून जाळीला लटकला होता. तळव्यांवर लाल चट्टे उठले होते.

दूधविनायकच्या गल्लीतली मुलं संध्याकाळी मास्तरांकडे जमत. पोपटाला बसायला सालीसकट फांदी असावी, एक जाड, एक बारीक, म्हणजे पाय आखडत नाहीत, हे त्यांनीच अवनीला सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीनं घरात होत्या त्या काड्या घेतल्या: बापाच्या होमाच्या गठ्ठ्यातल्या औदुंबराच्या समिधा. सुश्रुतने त्या उपटून फेकल्या, पोरीला चोर म्हटलं आणि बाजारातून ही दांडी आणून बसवली.

“चोर म्हणायचं तर मला म्हण,” मास्तर म्हणाले. “पेरूची फांदी आण, एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं.”

“देवाचं सामान आहे ते, मास्तर. पाखराच्या पायाखाली घालायचं?”

“आगीत घातलेलं चालतं, जिवाला टेकायला दिलेलं नाही? हे मी नव्हतं रे शिकवलं तुला.”

सुश्रुतचा चेहरा उतरला, मग तापला. “शाळेत ऐकून घेतलं तुमचं. हे माझं घर आहे. एवढा पुळका असेल तर घेऊन जा पिंजरा.”

“बाबा, नको ना,” अवनी म्हणाली. “माझी काय गलती?”

मास्तर संतापानं तडक जिना उतरले. पिंजरा त्यांच्या हातात होता आणि पोरगी वर रडत होती, हे त्यांना शेवटच्या पायरीवर उमगलं.

त्यांनी पेरूच्या दोन फांद्या धुऊन, वाळवून बसवल्या. एक अंगठ्याएवढी, एक करंगळीएवढी. पिंजरा गल्लीकडच्या खिडकीत टांगला. चट्टे हळूहळू फिके पडले. अवनीला मात्र त्यांच्याकडे यायची बंदी होती.

एका सकाळी बापाबरोबर शाळेत जाताना ती खिडकीखाली थांबली.

“आजोबा, आज कुठल्या फांदीवर बसलाय?”

“जाड,” मास्तर वरून म्हणाले.

“दोन्ही पाय टेकलेत?”

“दोन्ही.”

सुश्रुतने वर पाहिलं नाही. पण तिचा हातही ओढला नाही. तिचं विचारून होईपर्यंत तो दप्तर धरून उभा राहिला.