दहापैकी दोन गुण

मित्रांनो, मी एक जुना कीवर्ड आहे. ‘कानाचे मशीन कोल्हापूर’ हे माझे नाव. कोणी मोबाईलवर हे शब्द टाकून शोधले की मला जाग येते, आणि मालकाची जाहिरात घेऊन मी त्याच्यापुढे उभा राहतो. असे उठून उठून आताशा फार शिणायला होते.

माझा जन्म शाहूपुरीतल्या चन्नाप्पांच्या दुकानात झाला. दुकान मुळात चष्म्यांचे. सून पवित्रा कान तपासायचे शिक्षण घेऊन आली, तेव्हापासून तिथे कानाची मशीनही मिळू लागली. जाहिरातीच्या एका कंपनीचा माणूस आला. त्याने चहा संपायच्या आत मला तयार केले, ‘चष्मा’, ‘गॉगल’, ‘लेन्स’ यांच्या गटात टाकले आणि तो निघून गेला. आम्हा सगळ्यांना मिळून जाहिरात एकच: ‘चष्म्यांवर भरघोस सूट!’

तुम्हीच सांगा, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापुढे मी गॉगल घेऊन उभा राहिलो, तर तो कशाला थांबेल? चुकून कोणी जाहिरातीवर बोट ठेवून आत आलेच, तर दुकानाच्या पानावर काळा चष्मा लावलेली मुलगी हसत असे. लोक आल्या पावली परत फिरत. त्यात ‘कानातले’ शोधणाऱ्या पोरीबाळींपुढेही मला धाडले जाई. झुमक्यांच्या जागी मला बघून त्या काय म्हणत असतील, ते न सांगितलेले बरे.

आमच्या जगात प्रत्येक शब्दाला दहापैकी गुण मिळतात. लोक जाहिरातीवर बोट ठेवतील का, जाहिरात त्यांच्या शोधाला धरून आहे का, आणि आत गेल्यावर हवे ते सापडते का, एवढेच बघतात. मला दोन गुण पडले. कमी गुणांच्या शब्दाला जागा खालची मिळते आणि तीही महाग पडते. कंपनीचा माणूस फोनवर सांगे, “बोली वाढवा, जागेसाठी जास्त पैसे लावा.” चन्नाप्पा वाढवत. गुण मात्र दोनच राहत.

शेवटी ते वैतागले. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडाच होतो, त्यामुळे सगळे ऐकले.

“पवित्रा, ह्यो शब्द टाक बंद करून. नुसता खातोय!”

“मामा, थोडं थांबा की. मी बघते,” पवित्रा म्हणाली. पण तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि ते बघणे राहूनच गेले. बरेच महिने राहिले.

मग एके दिवशी मलकापूरहून तानाबाई आपल्या म्हाताऱ्या आईला, चिमणाबाईला, चष्म्याचा नंबर काढायला घेऊन आली. पवित्राने काही विचारले तर म्हातारी नुसती बघत राहिली.

“तिला इचारून उपेग न्हाय,” तानाबाई म्हणाली. “आबा, माझं वडील, गेल्यापास्नं भरमिष्टावानी झालीया.”

पवित्राने तिला आत नेऊन कान तपासले आणि बाहेर आणून एक मशीन तिच्या कानाला लावून पाहिले. चिमणाबाई दचकली. रस्त्यावरून रिक्षा गेली, तिच्या आवाजाकडे तिने मान वळवली. मग लेकीला म्हणाली, “ताने, तुझा आबा जाताना माझ्याकडं बघून काय म्हणालता गं?”

तानाबाई तिच्याजवळ वाकली. “म्हणालं, चिमणे, बोल की माझ्यासंगं.”

म्हातारीने पदर तोंडाला लावला.

थोड्या वेळाने पवित्राने हळूच विचारले, “आधी कान का दाखवलं न्हाईत?”

“दाखवायचंच व्हतं की बाई. आबा असतानाच मोबाईलवर शोधलं. तुमच्याच दुकानाचं नाव आलतं, पर बघतोय तर गॉगल. म्हटलं, हितं कानाचं काय न्हाय. मग आबा गेलं, आन् समदी म्हणाया लागली, हिचं डोस्कंच फिरलंय.”

त्या दोघी एसटीला गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली.

“बोली वाढवायची काय गं?” चन्नाप्पांनी विचारले.

“पैसं न्हाय वाढवायचं, मामा. गॉगल काढायचा.”

तिने मला चष्म्यांच्या गटातून बाहेर काढून वेगळी जागा दिली. ‘ऐकू कमी येतंय? कोल्हापुरात कान तपासून मशीन’ अशी जाहिरात लिहिली. आतल्या पानावर मशीनचा फोटो लावला, तपासणी कशी होते ते लिहिले, स्टँडवरून कसे यायचे ते सांगितले आणि स्वतःचा नंबर दिला. ‘कानातले’ शोधणाऱ्यांकडे मला पाठवू नये, अशीही तजवीज केली.

तरी गुण लगेच वाढले नाहीत. एकदा लोकांनी पाठ फिरवली की तो डाग शब्दाला बराच काळ चिकटून राहतो. पवित्रा जाहिरातीतला एखादा शब्द बदलायची आणि थांबायची, पुन्हा बदलायची. मला पाच गुण मिळाले, मग आठ. कमी खर्चात वरची जागा मिळू लागली. चन्नाप्पा आल्यागेल्याला बोलावून दाखवू लागले, “पावणं, ह्यो बघा आमचा शब्द!” मला त्या कौतुकाचे फारसे काही वाटले नाही. आठ काय, दहा गुण मिळाले तरी आबा असताना तानाबाईने शोधले, त्या दिवशी परत जाऊन मला तिला कानाचे मशीन दाखवता येणार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, दुकान काढाल, जाहिराती लिहाल. ज्या शब्दाने लोकांना हाक मारता, तो अधूनमधून उघडून बघत जा. त्याच्यामागे जे हवे तेच आहे ना, याची खात्री करा. शोधणारा माणूस दुसऱ्यांदा शोधेलच, असे नसते.