एका हाताची जोडी

आमचा धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्याने वाढवला आणि तो गेल्यावर मी चालवला. बाईमाणसाला जमायचं नाही असं सांगायला बरेच जण आले होते. आज त्यांच्या बुडाखाली माझ्याच सीटा आहेत.

ती इटलीची गाडी दाताच्या डॉक्टरांची. दोनच माणसांची, बुटकी, मोरपंखी निळी. छप्पर कापडाचं, तेही बटण दाबलं की घडी होऊन मागे पडणारं. इंजिन चालू केलं की दुकानाचं शटर थरथरायचं. मला विचाराल तर त्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवरच बसणं, फक्त वेगाने. शिवाय नवराबायकोचं वाजलं तर एकाने तोंड फुगवून मागे जाऊन बसावं, तर मागे जागाच नाही. डॉक्टरांनी ती जुनी घेतली होती आणि सीटांचं चामडं सालपटासारखं सुटत होतं. दोन्ही सीटा नव्याने शिवायचं काम माझ्या मुलाने अंगावर घेतलं.

मुलाला सगळे बारक्या म्हणायचे. दारातून वाकून आत येणारा उंच माणूस, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बारक्याने चालकाच्या शेजारची सीट पुरी केली आणि दुसरीला हात लावायच्या आधी तो गेला. आजार होता, लांबलेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तेव्हापासून गाडी मागच्या भिंतीशी उभी होती. एक सीट भरलेली, एकीचा नुसता सांगाडा. मी सकाळी शटर उघडायची, गाडीवरची चादर बाजूला करायची, भरलेल्या सीटच्या गादीवर वाकून कडेच्या शिवणीवरून बोट फिरवायची, चादर परत घालायची आणि टॅक्सीच्या कामाला बसायची. रडू काही येत नव्हतं. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे टक लावून बसायच्या, आता येतंय की मग येतंय. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. जेवत होते, झोपत होते. जिभेला चव तेवढी नव्हती. भाजीत मीठ दोनदा पडलं की सून सांगायची, तेव्हा मला कळायचं.

मग एक दिवस डॉक्टर आले. नवऱ्याच्या ओळखीचे, म्हणून मला वहिनी म्हणतात.

"वहिनी, घाई करत नाही. पण मी दवाखाना बंद करून मुलीकडे राहायला चाललोय. रविवारी निघायचंय. गाडी न्यावी लागेल."

"एका सीटवर कसे जाल?"

"दुसरी तुम्ही शिवा ना. शिवण थोडी वेगळी दिसली तर मला चालेल."

"तुम्हाला चालेल हो. कवळी बसवताना वरचे दात एका रंगाचे आणि खालचे दुसऱ्या रंगाचे बसवता का कोणाला?"

ते हसले आणि मग हसल्याबद्दल ओशाळले.

आमच्या दुकानाची रीत आहे, सासऱ्यांपासूनची. मागची लांब सीट कोणीही शिवावी. पुढच्या दोन मात्र एकाच हाताच्या हव्यात, कारण त्या शेजारी शेजारी असतात आणि बघणाऱ्याची नजर इकडून तिकडे जातेच. आतली शिवण मशीनवरची, ती सगळ्यांची सारखी. वरची दिसणारी शिवण आम्ही सुईने घालतो, मेण लावलेल्या दोऱ्याने, आणि दोरा ओढताना ज्याचा त्याचा हात वेगळा. मी करकचून ओढते, टाका चामड्यात रुततो. बारक्या सैल सोडायचा, टाका तांदळाच्या दाण्यासारखा वर राहायचा. त्यावरून मी त्याला कायम टोकायची. "दोरा काय घरी आलेला पाहुणा आहे, हळूहळू निरोप द्यायला?" तो म्हणायचा, "आई, तुझे टाके बघून चामडं बोंब मारतं."

जोडी अर्धी राहिली तर काय करायचं तेही ठरलेलं. झालेली सीट उसवायची आणि दोन्ही नव्याने एका हाताने शिवायच्या. नवऱ्याची अर्धी राहिलेली जोडी मीच बसल्या बैठकीला उसवली होती.

डॉक्टर गेल्यावर मी उसवायची कात्री घेऊन त्या गाडीत बसले. बराच वेळ बसले. कात्री मांडीवरच राहिली. बारक्याची ती शेवटची सीट होती. ती उसवली तर हात लावायला काय उरणार होतं? कपडे सुनेने कधीच देऊन टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासारखा टाका घालून बघितला, उरलेल्या चामड्याच्या तुकड्यावर. जन्मभर ज्याला नावं ठेवली ते शिकायला बसले. जमेना. सैल सोडायला जावं तर टाका वाकडा पडायचा आणि सरळ करायला जावं तर बोटं आपोआप आवळायची. दुपारपर्यंत तुकड्यांचा ढीग झाला.

सून सकाळी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. ती परतली तेव्हा ढीग बघून उभी राहिली.

"आई, मी शिवते."

"तू? तुला शर्टाचं बटण लावता येत नाही धड. गेल्या वेळचं आमटीत सापडलं."

"ते ह्यांनी लावलेलं होतं."

"गेलेल्या माणसावर ढकल सगळं."

ती गाडीपाशी गेली. चादर काढली. जिथे मी रोज बोट फिरवायची, गादीच्या कडेला, तिथेच बोट ठेवून म्हणाली, "हे टाके कोणाचे, सांगा."

"हे काय विचारणं झालं? माझ्या मुलाचे."

"माझे आहेत."

मी वाकून त्या टाक्यांवर बोट ठेवलं.

"शेवटी शेवटी त्यांच्या हातात सुई राहत नव्हती," ती म्हणाली. "तुम्ही वरती स्वयंपाकाला गेलात की मी बसायचे. ते स्टुलावर बसून सांगायचे. सैल सोड, अजून सैल. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाले. म्हणाले, आईला कळलं तर उसवेल."

खरं होतं. उसवलं असतं. सासऱ्यांच्या शिवायच्या बाकावर कोणी बसायचं हे मी ठरवते.

राग येईल म्हणून मी थांबले. येण्यासारखी गोष्ट होती. दुकानात कोणाचा टाका कोणता हे अंधारात बोटाने ओळखते असं मी चारचौघांत सांगत आले, आणि इतके दिवस सुनेच्या शिवणीवरून हात फिरवून कामाला बसत होते. पण आला नाही राग. मीच त्या स्टुलावर बसले.

"सगळी तुझी?"

"गादी सगळी. पाठीचा खालचा भाग. वरचा अर्धा त्यांचा."

मी उठून पाठीवरून हात फिरवला, वरून खाली. कुठे त्याचा हात संपला आणि कुठे हिचा लागला, मला कळलं नाही. पुन्हा फिरवला. चष्मा लावून बघितलं.

"कुठे बदलतं?"

"दाखवू?"

"नको."

कात्री मी खिळ्याला अडकवली.

"बस," मी म्हटलं. "आणि पाठ ताठ ठेव. पोक काढून बसलीस तर चाळिशीत कंबर जाईल, मग माझ्या नावाने ओरडशील."

ती बसली. मी दोरा मेणावरून ओढून तिच्या हातात देत गेले. मधे एकदा म्हणाले, "फार सैल होतंय." ती म्हणाली, "असंच सांगितलंय." मी गप्प बसले. माझ्या दुकानात मला गप्प बसवणारी दुसरी कोणी झाली नाही.

शनिवारी डॉक्टर आले. छप्पर मागे गेलं आणि दोन्ही सीटा उन्हात आल्या. ते एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले.

"वहिनी, अगदी एका हाताच्या वाटतात."

"एकाच हाताच्या आहेत."

"तुम्ही उसवलीत? बारक्याची?"

"नाही."

ते गोंधळले. सून मेणाची वडी कागदात गुंडाळत होती, मान खाली. गाडी देण्याआधी सीट चालत्या गाडीत तपासायची असते. उभ्या गाडीत चामडं मुकं असतं, खरी कुरकुर चालताना ऐकू येते. ज्याने शिवली त्याने बसायचं, हेही सासऱ्यांपासूनचं, आणि आमच्याकडे तसं बसणं म्हणजे दुकानातला शिवायचा बाक त्याचा झाला. डॉक्टरांनी माझ्यासाठी शेजारचं दार उघडून धरलं.

"मी नाही," मी म्हटलं. "जिने शिवली ती बसेल. जा गं."

सुनेने मान वर केली. "आई, तुम्ही जा."

"आता मलाच रीत शिकवणार का? जा म्हटलं ना. आणि केस बांध, डॉक्टरांना समोरचं दिसू दे."

ती बसली. पाठ टेकली. इंजिन सुरू झालं, शटर थरथरलं आणि गाडी वळणावरून गेली. आवाज बराच वेळ येत होता. मी दारात उभी होते. आता काहीतरी वाटेल असं मला वाटलं होतं. मग मी आत जाऊन चामड्याचे तुकडे झाडून काढले. गाडीच्या जागी भिंतीवर ओल आलेली दिसली. रंग द्यायला हवा.

सून परतली तेव्हा केस विस्कटलेले होते आणि डोळे लाल. वाऱ्याने असतील.  डॉक्टर हात करून निघून गेले.

"कुरकुरते?" मी म्हटलं.

"नाही."

"गादी?"

"ठीक आहे."

"पाठ?"

"घट्ट आहे."

"वरची की खालची?"

तिने विस्कटलेले केस बांधले. मग बाकावरच्या टॅक्सीच्या कव्हरपाशी बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

"दोन्ही," ती म्हणाली.