मालकाचे पाय

आश्रमात खरूज तिसऱ्यांदा आली, तेव्हा ती कुठून आली हे मंजुळाबाईनं कुणालाच विचारलं नाही. रोज दुपारची जेवणं झाली की कोपऱ्यातल्या खोलीतून हाक यायची, "धुळ्या," आणि तिचा म्हातारा, धुळाजी, हातातलं टाकून पाय दाबायला उठायचा.

त्या खोलीत विठ्ठलराव राहायचे. आष्टीजवळचा हा वृद्धाश्रम त्यांनीच दान केलेल्या जमिनीवर उभा. पोरांनी पुण्यात सोय केली ती स्वतःची, म्हणून तेही शेवटी इथंच आले. धुळाजीनं उभी हयात त्यांच्याकडं सालगडी म्हणून काढली होती. गुडघे गेले, लेक-सून ऊसतोडीला गेले, म्हणून नवराबायको आश्रमात आले, तर मालक आधीच पलंगावर पाय पसरून बसलेले. सालगड्याचं साल संपतं, मालक संपत नाही.

औषध नव्हतं असं नाही. सरकारी दवाखान्यातली रोहिणी सिस्टर मलम देऊन गेली होती. एकाच रात्री सगळ्यांनी लावायचं, गळ्यापासून तळपायापर्यंत, खाज असो नसो. कपडे, वाकळा उकळत्या पाण्यातून काढायच्या. एक जरी राहिला तरी सगळं मुसळ केरात. सगळ्यांनी लावलं. आंधळ्या छबुबाईला तर मंजुळाबाईनंच चोळलं. राहिला तो एकच. विठ्ठलराव म्हणाले, खरूज उसाच्या पाचटात झोपणारांना होते, आमच्या घराण्यात हा रोग नाही. आणि पलंगाच्या कडेवर पोटऱ्या घासत राहिले.

मंजुळाबाई व्यवस्थापकाकडं गेली. राधाकिशन स्वतःच मनगट खाजवत बसला होता. वाकळा उकळायला तो कधीही तयार, पण एका माणसाला दोन शब्द सुनवायचे म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"मावशी, ज्यांनी जागा दिली त्यांना कपडे उतरवा म्हणू? मला नोकरी करायची हाय."

"मग आमी खाजवत मरावं?"

यावर त्यानं मलमाची आणखी एक ट्यूब तिच्या हातात ठेवली. ट्यूब द्यायला काय जातं.

नवऱ्याशी तर तिचं रोजचंच होतं. रात्री मलम लावता आणि दुपारी त्याच पायाला हात लावता, मग लावता कशाला, असं ती विचारायची. मालकाचं मीठ खाल्लंय, एवढंच धुळाजीचं उत्तर.

"मीठ तुमी खाल्लं," ती म्हणाली, "खाजवतीय मी."

तिची घाई वेगळ्याच कारणानं होती. साखर कारखान्याचा पट्टा पडला होता, ऊसतोडीचा हंगाम संपला होता. लेक अजिनाथ घरी निघाला होता, आणि वाटेत आईबापाला घेऊन जाणार होता. उसाच्या फडावरच जन्मलेला नातू तिनं अजून पाहिला नव्हता. तान्ह्याला हे लागलं तर अंगभर पू होतो, अंग साफ झाल्याशिवाय जवळ घेऊ नका, असं सिस्टरनं बजावलं होतं.

अजिनाथचा ट्रॅक्टर फाटकाशी थांबला. सून वर्षाराणी लेकराला घेऊन उतरली. धुळाजी दोन्ही हात पसरून पुढं झाला. मंजुळाबाईनं काठी आडवी घातली.

"हात दाखवा पोरीला."

त्याच्या बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ होतं, खाजवून रक्ताळलेलं. वर्षाराणीनं लेकरू पदराखाली घेतलं आणि एक पाऊल मागं सरकली. त्या एका पावलानं म्हाताऱ्याचे पसरलेले हात खाली आले. अजिनाथ खाली बघत म्हणाला, "माय, बरे झाले की न्यायला येतो." ट्रॅक्टर गेला. नातवाचं टोपडं तेवढं दिसलं, तोंड नाहीच.

त्या दुपारी जेवणं झाली. हाक आली. धुळाजी सवयीनं उठला. मंजुळाबाईनं त्याला अडवलं नाही. आता अडवायचं त्राणही नव्हतं. तो मालकाच्या दाराशी जाऊन थांबला, उंबरा काही ओलांडला नाही.

"मालक, आज न्हाई."

"कावून बे?"

"नातू घ्यायचाय मांडीवर." त्यानं मंजुळाबाईकडची मलमाची ट्यूब खिशातून काढून उंबऱ्यावर ठेवली. "हे लावा. तवर पाय तुमचे तुमी दाबा."

आतून शिव्या सुरू झाल्या. राधाकिशन पळत आला आणि धुळाजीलाच गप करू लागला. धुळाजी न्हाणीत गेला, नळाखाली साबण लावून हात घासू लागला. संध्याकाळपर्यंत ट्यूब उंबऱ्यावरच पडून होती.