बंद पडलेल्या कॅसिनोची चकती

मी एक जुनी चकती आहे आणि मी रागावलेली आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही.

लोक मला चिप म्हणतात. चिप म्हटले की मुले वेफर्सची पिशवी शोधू लागतात. मी ती नव्हे. माझा जन्म कॅसिनोसाठी झाला. कॅसिनो म्हणजे जुगाराचा झगमगीत अड्डा. तिथे माणसे पैसे मोजून माझ्यासारख्या चकत्या घेतात, टेबलावर लावतात आणि हरतात. जिंकतातही, पण ते दुसऱ्या दिवशी चारचौघांत सांगण्यापुरते.

माती, खडूची भुकटी आणि बारीक वाळू एकत्र करून एका कारखान्यात मला घडवले. साच्यात दाबले, तापवले, थंड केले. अंग बाटलीसारखे हिरवे, कडेला सायीच्या रंगाचे तुकडे आणि मधोमध एका पायावर उभा असलेला बगळा. साच्यावरच्या बाईने माझ्यावरून अंगठा फिरवला आणि शेजारणीला म्हणाली, "ही बघ कशी झक्क उतरलीय! हिला कुणाची नजर लागायची." तिची जीभ काळी असावी. नजर लागली, ती पुढे बरीच वर्षे निघाली नाही.

कॅसिनोतल्या त्या मोठ्या दालनाला एकही खिडकी नव्हती. भिंतीवर घड्याळ नव्हते. बाहेर दिवस आहे की रात्र, हे माणसाला कळू नये अशीच सगळी व्यवस्था होती. माझीही व्यवस्था त्यातलीच. हातातून नोट सुटताना माणसाचा जीव खालीवर होतो, चकती सुटताना होत नाही. म्हणून तर आम्हाला बनवले होते. ही युक्ती मालकाची, बरे का, माझी नव्हे. पण शिव्या कोणी खाल्ल्या? मी! डाव लागला की माणसे माझे मुके घेत, मला कपाळाला लावत. डाव फसला की मी पनवती, मी अवदसा. एका जाड्या माणसाने तर मला भिंतीवर भिरकावले होते. मालकाला मात्र जाता येता सगळे वाकून नमस्कार करत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मग एके दिवशी कॅसिनोला टाळे लागले. माझ्या बहिणींना पोत्यांत भरले, यंत्राने भोके पाडली आणि कुठल्याशा इमारतीच्या पायात सिमेंटखाली गाडून टाकले. इतकी वर्षे राबल्याचा हा मोबदला! मी वाचले ती केवळ एका ट्रंपेट वाजवणाऱ्यामुळे. तो तिथे गाण्यांना साथ करायचा. कोणीतरी खूश होऊन मला त्याच्या कोटाच्या खिशात टाकले होते आणि तो विसरून गेला होता. पुढे तो कोट धुवायला एका लाँड्रीत आला आणि कोटाबरोबर मीही आले.

लाँड्रीवाला पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेला गृहस्थ होता. कपडा पाण्यात टाकायच्या आधी तो प्रत्येक खिसा उलटा करून पाही. किल्ल्या, कंगवे, कुणाचे औषध, एकदा तर कवळीसुद्धा निघाली. जे निघेल ते ज्याचे त्याला परत. मलाही त्याने पुडीत बांधून कोटावर टाचले. ट्रंपेटवाला हसून म्हणाला, "ठेवा तुम्हालाच. ती जागाच बंद पडली. आता हिचं कोणी काही देत नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही."

लाँड्रीवाल्याने मला उजेडाकडे धरले. कडेचे तुकडे पाहिले, बगळा पाहिला. "काय सुबक काम आहे हो!" एवढेच म्हणाला. माझ्या आयुष्यात त्याआधी माझ्याकडे पाहणाऱ्या प्रत्येकाने माझी किंमत पाहिली होती. मला पाहणारा हा पहिलाच.

तिथून त्याला छंद जडला. दुकानामागेच त्याचे घर होते. तिथल्या भिंतीवर त्याने लाकडी तबके टांगली आणि आत मखमल लावली. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या सभागृहात असेच छंदिष्ट जमत. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर होता आणि भूगोल शिकवणाऱ्या एक बाई होत्या. एकमेकांच्या चकत्या भिंगातून पाहायच्या, अदलाबदल करायची, चहा प्यायचा आणि घरी जायचे. लाँड्रीवाल्याचा एक नियम होता. तो फक्त बंद पडलेल्या कॅसिनोंच्या चकत्या घेई. चालू जागेची कितीही देखणी असली तरी हात लावत नसे. कॅसिनोची पायरी तर तो जन्मात चढला नव्हता.

त्याची बायको आम्हाला "झाकणं" म्हणायची. "लोकांचे नवरे घरी काही कामाचं आणतात. आमचे हे झाकणं आणतात. बाटल्या कधी येणार, देव जाणे!"

"अगं, ही बघ तरी, हिच्यावर हरीण आहे."

"हरीण भाकरी भाजून देत असेल तर ठेवा."

असे म्हणायची, पण दर आठवड्याला तबकांवरची धूळ तीच मऊ फडक्याने पुसायची.

दोघांना मूलबाळ नव्हते. जवळच्या बालगृहातल्या चादरी आणि उशांचे अभ्रे या लाँड्रीत येत. तिथली मावशी गाठोडी घेऊन येई. तिच्याबरोबर एक मुलगी यायची, सहा-सात वर्षांची, कमी बोलणारी. ती काउंटरवर चढून बसे आणि वाळलेल्या अभ्र्यांच्या घड्या घाली. कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची की लाँड्रीवाला तिला घडीबाई म्हणू लागला. ती आली नाही की त्याची इस्त्री कुठेतरी भलतीच फिरे. बायको दाराशी तीनतीनदा जाऊन येई. शेवटी एका संध्याकाळी बायकोच म्हणाली, "आपण विचारू या का हो?" कशाबद्दल, हे त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी घडीबाईला दत्तक घेण्यासाठी अर्ज केला.

अर्ज झाल्यावर घर पाहायला तपासणीच्या बाई येणार होत्या. त्या येणार त्या सकाळी बायको तबकांसमोर उभी राहिली. "हे आत ठेवू या. उगाच गैरसमज नको."

"आपण चोरी केलीय का?" लाँड्रीवाला म्हणाला.

"नाही केली. पण बघणाऱ्याला काय सांगत बसणार? आजच्या दिवस ऐका माझं."

त्याने मान डोलावली. तिने भराभरा तबके काढली आणि घरात जे एकच रिकामे कपाट होते त्यात ठेवून वर चादर टाकली. मित्रांनो, मला त्या अंधारात कोंडले तेव्हाच माझे डोके फिरले होते. आम्ही तोंड का लपवायचे? आणि तिच्या घाईत तिला एक गोष्ट सुचली नाही. ते कपाट रिकामे होते, कारण ते घडीबाईच्या कपड्यांसाठी रिकामे केले होते.

तपासणीच्या बाईंनी स्वयंपाकघर पाहिले, न्हाणीघर पाहिले. मग विचारले, "मुलीचे कपडे कुठे ठेवणार?"

दोघांच्या तोंडचे पाणी पळाले. बाईंनी स्वतःच कपाट उघडले आणि चादर उचलली.

"जुगार खेळता?"

"नाही मॅडम. छंद आहे. जमवतो."

"छंद! मग मुलीच्या कपाटात लपवून कशाला ठेवता?"

त्याने बायकोकडे पाहिले. खरे बोलणाऱ्या माणसाची जीभ नेमकी अशाच वेळी टाळ्याला चिकटते. बाईंनी कपाट धाडकन लावले आणि निघून गेल्या. एक प्रश्न विचारून उत्तरासाठी जरा थांबल्या असत्या तर त्यांचे काय बिघडले असते? पण नाही! डाग पडला की कापड मळकट ठरलेच.

पुढच्या आठवड्यात मावशी एकटीच आली. गाठोडे बाहेर पायरीवर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "निकाल लागेपर्यंत पोरीला आणू नका असं सांगितलंय मला. मी तरी काय करू, दादा?" बातमी गल्लीभर झाली. रोज कपडे टाकणारा केशकर्तनवाला डोळा मारून म्हणाला, "छुपे रुस्तम निघालात की!" एका गिऱ्हाइकाने तर काउंटरवरच आपले खिसे रिकामे करून घेतले, तेही त्याच्याकडे पाहत. ज्याने लोकांच्या कवळ्या परत केल्या त्याच्यासमोर! मला हात असते तर मी त्या खिशांना जन्माची शिवण घातली असती.

लाँड्रीवाला आता अभ्रे स्वतःच घडी करी, पण कोपरे जुळत नसत. एका दुपारी त्याने खोका आणला आणि आम्हाला भरू लागला. "इंजिन ड्रायव्हरला देऊन टाकतो. नकोच ते."

बायकोने खोका ओढला. "द्या, द्या! म्हणजे उद्या सगळे म्हणतील, बघा, खरं होतं म्हणूनच घालवलं."

"मग करू काय?"

तिने खोक्यातून मला उचलले, इस्त्रीच्या रुमालात गुंडाळले, चपला घातल्या आणि तरातरा तपासणीच्या बाईंच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. मला तिने बाईंच्या टेबलावर ठेवले.

"कपाटात मी लपवल्या होत्या. त्यांनी नाही. मला भीती वाटली."

"कशाची?"

"तुमच्या नजरेची. आणि तसंच झालं."

बाईंनी मला उचलले नाही. दुरूनच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील खेळायचे. अशीच चकती असायची त्यांच्या खिशात. त्यापायी माझ्या आईचं शिवणयंत्र गेलं. ती शिवणावर घर चालवायची. तुम्ही मला नजर शिकवू नका."

खरे सांगते, माझा राग तिथे अडखळला. त्या आईला मी ओळखत नव्हते, पण त्या दालनातून उठून गेलेली माणसे मला आठवली. लाँड्रीवाल्याची बायको खुर्चीवर बसली. तिचा आवाज उतरला, पण ती मागे हटली नाही.

"वाईट झालं, बाई. फार वाईट झालं. पण ते तुमच्या वडिलांनी केलं, माझ्या नवऱ्याने नाही. तुम्ही न सांगता या. दुकानात बसा. पाहिजे तर दिवसभर बसा. मग काय ते लिहा."

बाई खरेच आल्या. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी रविवारी थेट शाळेच्या सभागृहात. तिथे डॉक्टर आणि ड्रायव्हर एका चकतीच्या पिवळ्या रंगावरून तावातावाने भांडत होते, एवढाच काय तो जुगार त्यांना दिसला. एकदा दुकानात बसल्या असताना त्यांनी लाँड्रीवाल्याला विचारले, "आवडायला जगात दुसरं काही मिळालं नाही तुम्हाला?"

त्याने मला फडक्यावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवले. "हिची जागा बंद पडली, मॅडम. आता हिच्यावर कोणी काही हरू शकत नाही. म्हणून मला या आवडतात. सुटलेल्या आहेत बिचाऱ्या."

बाईंनी त्या दिवशी प्रथम मला हातात घेतले. बगळ्यावरून बोट फिरवले आणि परत ठेवले.

निकाल बाजूने लागला. तबके मुलीच्या खोलीत नकोत, अशी अट होती. आणि माफी? ती कोणी मागितली नाही. बाईंनी नाही, केशकर्तनवाल्याने नाही, खिसे रिकामे करणाऱ्याने तर मुळीच नाही. उलट सगळे म्हणू लागले, "आम्हाला माहीतच होतं!" माहीत होते म्हणे! लाँड्रीवाला म्हणाला, "जाऊ दे, मुलगी आली ना." तो जाऊ देतो. मी देत नाही.

घडीबाई आली. तबके आता दुकानात, काउंटरमागे लागली. तिच्यासाठी जुन्या बाजारातून लिहायचे टेबल आणले, तर त्याचा एक पाय आखूड निघाला. अक्षर हलायचे. तिने कोणाला काही सांगितले नाही. गुपचूप दुकानात आली, तबकातून मला काढले आणि त्या पायाखाली सरकवले.

मी! सभागृहात भिंगाखाली मिरवलेली मी, टेबलाच्या पायाखाली!

संध्याकाळी लाँड्रीवाल्याला तबकातली रिकामी जागा दिसली. शोधत तो तिच्या खोलीत आला, वाकला आणि टेबल उचलून मला बाहेर काढले. माझ्या कडेचा एक टवका उडाला होता. तो काही बोलायच्या आत मुलगी उठून उभी राहिली.

"आता मला परत नेऊन सोडणार?"

मित्रांनो, आयुष्यभर मी शिव्या ऐकल्या, पण त्या प्रश्नासारखे काही ऐकले नव्हते.

लाँड्रीवाला जमिनीवरच बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मला पुन्हा त्या पायाखाली नीट मधोमध बसवले आणि टेबल हलवून पाहिले.

"लिही बघू. हलतंय का अजून?"

तिने लिहून पाहिले. "नाही."

"मग झालं तर."

तेव्हापासून मी इथे आहे. मला तबकात ठेवा, अशी विनवणी मी तुमच्याकडे करणार नाही. विनवणी निराळी आहे. कुणाच्या घरात एखादी वस्तू दिसली आणि तिने तुम्हाला भलतेच काही सुचवले, तर आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. खिसा उलटा करून पाहायला फार वेळ लागत नाही. तुमच्या घाईची किंमत भरायला एखादे लहान मूल कुठेतरी दाराशी उभे असते, आणि त्याचा मला अजून संताप येतो. वरती ती लिहिते आहे, आणि मी घट्ट बसले आहे.