वर फेकलेला चिकू

विरारच्या राधिकाने हौसमौज, झोप सगळं बाजूला सारून एकच ध्यास घेतला होता. मुलांना भौतिकशास्त्र कळतं म्हणजे नेमकं काय होतं, ते शोधायचं. पीएच.डी.ची मुदत दोनदा वाढवून घेऊन झाली होती, आता विद्यापीठ दारातही उभं करणार नव्हतं. निकाल मात्र दृष्ट लागावी असा आला होता. पापडीच्या कॉलेजातली मुलं तिच्या पद्धतीने शिकल्यावर मुलाखतीत आधी चुकत, मग स्वतःच विचार करून उत्तर सुधारत. प्रबंधाचा सगळा डोलारा या 'स्वतःच'वर उभा होता.

शेवटचं एकदा ऐकावं म्हणून तिने मुलाखतींचं रेकॉर्डिंग लावलं. मूल चुकलं रे चुकलं की एक गोड आवाज विचारत होता, "नक्की?" आवाज तिचाच. बरोबर उत्तराला बाईसाहेब नुसतं "हं" करून पुढे जात होत्या.

दुसऱ्या दिवशी, प्रबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी, तिने अकरावीतल्या रोवेनाला प्रयोगशाळेत गाठलं. पोरीने घरच्या वाडीतले चिकू आणले होते. राधिकाने एक वर उडवला, झेलला.

"अगदी वर पोचला, क्षणभर थांबला. तेव्हा त्याच्यावर बल कुठलं?"

"फक्त गुरुत्वाकर्षणाचं, मिस. खाली."

अगदी बरोबर! राधिकाला तिला मिठी मारावीशी वाटली. पण खात्री तर करून घ्यायलाच हवी होती.

"नक्की?"

रोवेनाचा चेहरा पडला. "नाही नाही, सॉरी मिस. थांबलाय ना तो. मग झिरो."

"का बदललंस गं?"

"तुम्ही 'नक्की?' बोललात ना. म्हणजे राँग. आख्ख्या क्लासला माहितीये."

रोवेना गेल्यावर राधिका स्टुलावर बसून ढसाढसा रडली. इतक्या वर्षांत मुलांना एकच गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे राधिका मिस.

फोन वाजला. मार्गदर्शक प्रल्हाद सर विद्यापीठात पोचले होते. "देऊ ना प्रबंध? सगळं तपासलंस?"

"हो सर." मुलाखती ऐकत कोण बसणार होतं? कोणाला काय पत्ता लागणार होता?

"नक्की?" सरांनी सहज विचारलं.

राधिकाचा चेहरा पडला.

"नाही सर," ती म्हणाली. "देऊ नका. चुकलंय."